दिवस गेल्याचे कळले, की पहिले पाऊल कोणते?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात महिला उपसमितीच्या वतीने केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेवर आमचा विषय वाचून काही बंधूंची नजर चहाच्या टेबलाकडे गेली आहे, हे आम्हाला इथून दिसते. त्यांना विनंती, की पाऊण तास बसून राहा. वेतन आयोग, पेन्शन, रिक्त जागा, खाजगीकरण या विषयांवर या व्यासपीठावरून नेहमी बोलले जाते आणि बोललेच पाहिजे. परंतु एखाद्या कामगार भगिनीची पाळी चुकते, तिला आपण गरोदर असल्याचे कळते, त्या दिवशी तिने काय करावे, कोणाला सांगावे, कोणता कागद हाती ठेवावा, हे तिला सांगणारे तिच्या कामाच्या जागी कोणी नसते. तो प्रश्नसुद्धा कामगार चळवळीचाच आहे. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला.

पूर्वी रेल्वेत महिला म्हणजे ऑफिसातील क्लार्क, दवाखान्यातील नर्स, फार तर तिकीट खिडकी, असे चित्र होते. आज गँगमध्ये हातोडा घेणाऱ्या आहेत, गेटवर आहेत, पॉइंट्सवर आहेत, इंजिनात आहेत. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी रेल्वेचे इंजिन चालवले आणि २०२५ साली त्या सन्मानाने निवृत्त झाल्या. २०१७ पासून माटुंग्याचे स्टेशन महिलांनी चालवून दाखवले. टपाल खात्यात बीटवर फिरणाऱ्या पोस्टवुमन आहेत, आर.एम.एस.मध्ये रात्री टपाल वर्गीकरण करणाऱ्या आहेत, खेड्यातले शाखा टपालघर एकटीने सांभाळणाऱ्या ग्रामीण डाक सेविका आहेत. कामाच्या जागा बदलल्या. परंतु गरोदरपणाकडे पाहण्याची नजर अजून जुनीच आहे: बाईने गुपचूप सोसावे, सातव्या-आठव्या महिन्यात रजेचा अर्ज टाकावा, आणि साहेबांनी कपाळाला आठ्या घालून तो मंजूर करावा.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. गरोदरपणातली सर्वांत महत्त्वाची पावले पहिल्या बारा आठवड्यांत टाकायची असतात, आणि नेमक्या त्याच बारा आठवड्यांत आपल्या भगिनी ही गोष्ट लपवून ठेवतात. हे बदलले पाहिजे.

का लपवतात? एक तर आपल्याकडची रीत. तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगू नये, दृष्ट लागते, असे घरातल्या मोठ्या बायका म्हणतात. दुसरे कारण नोकरीचे. ट्रेनिंग चालू आहे, प्रोबेशन संपलेले नाही, सोयीची जागा नुकतीच मिळाली आहे, ती जाईल. कंत्राटी भगिनीला तर उद्यापासून येऊ नको असेच ऐकावे लागेल अशी धास्ती. या भीतीला आम्ही हसणार नाही, तिला कारणे आहेत. परंतु निसर्ग आपल्या प्रोबेशनसाठी थांबत नाही. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतो, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून पंधरा दिवस होतात न होतात, तोवर एवढे मोठे काम आत उरकलेले असते. आणि आपण तिसरा महिना संपल्यावर डॉक्टरकडे जायचे ठरवतो!

साऱ्या गावाला सांगा असे आम्ही म्हणत नाही. पेढे वाटायचे तेव्हा वाटा. परंतु दोन माणसांना लगेच कळले पाहिजे: एक डॉक्टर, आणि दुसरे कामाच्या जागचे एक विश्वासाचे माणूस.

आता एकेक पाऊल पाहू.

पहिले पाऊल, खात्री आणि तारीख. पाळी नियमित असून ठरल्या दिवशी आली नाही, तर लघवीची तपासणी घरीच करता येते. त्याची पट्टी औषधाच्या दुकानात मिळते, आणि आशाताईंकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात ‘निश्चय’ या नावाची पट्टी मोफत मिळते. सकाळची पहिली लघवी वापरावी. दोन रेघा उमटल्या तर डॉक्टरकडे जावे. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावे.

त्याच दिवशी वहीत एक तारीख लिहून ठेवा: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. डॉक्टर सर्वांत आधी हेच विचारतात. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले, की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. शेवटची पाळी १० जानेवारीला सुरू झाली असेल, तर अंदाजे तारीख १७ ऑक्टोबर. पाळी अनियमित असेल तर सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून तारीख अधिक नेमकी कळते. पुढचे रजेचे, ड्युटीचे, गावी जाण्याचे सारे हिशेब या एका तारखेवर उभे राहतात.

दुसरे पाऊल, बारा आठवड्यांच्या आत डॉक्टरकडे नोंद. रेल्वेतील भगिनींनी आपले ‘उम्मीद’ कार्ड घेऊन जवळच्या रेल्वे हेल्थ युनिटमध्ये किंवा रेल्वे हॉस्पिटलात जावे. मुंबईत भायखळ्याचे मध्य रेल्वेचे हॉस्पिटल आहे, मुंबई सेंट्रलला पश्चिम रेल्वेचे जगजीवनराम हॉस्पिटल आहे. टपाल खात्यातील नियमित भगिनींनी सी.जी.एच.एस.चा दवाखाना, आणि तो नसेल तिथे खात्याने नेमलेले अधिकृत वैद्यकीय अधिकारी गाठावेत. ग्रामीण डाक सेविका आणि कंत्राटी भगिनींसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तिथे माता व बाल संरक्षण कार्ड करून घ्या. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे, तपासण्या आणि ने-आण यांचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नाही, असा केंद्र सरकारचा कार्यक्रम आहे. कोणी पैसे मागितले तर हे सांगा. आणि जे बंधू-भगिनी इटारसी, हुबळी, सिकंदराबाद, सुरत अशा परमुलखात नोकरी करतात, त्यांनी बाळंतपणाला माहेरी जायचे ठरवले असले तरी पहिली नोंद नोकरीच्या गावीच करावी. माहेरी जाताना कागद बरोबर न्यावेत.

पहिल्या भेटीत कोणत्या तपासण्या होतात हे माहीत असले म्हणजे भीती वाटत नाही. वजन आणि रक्तदाब. लघवीतील साखर आणि प्रथिने. रक्तगट, आईचा गट निगेटिव्ह असेल आणि वडिलांचा पॉझिटिव्ह, तर पुढे एक इंजेक्शन लागते, ते वेळेवर मिळावे म्हणून आधी कळलेले बरे. रक्तातील साखर. एच.आय.व्ही., गुप्तरोग आणि कावीळ-बी यांच्या तपासण्या. ‘माझ्यावर संशय घेतला’ असे मानून या नाकारू नका. त्या सर्वांच्याच करतात, आणि वेळेवर औषध मिळाले तर बाळाला होणारी लागण बहुतांशी टळते. आणि हिमोग्लोबिन. गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली असले तर तिला रक्तक्षय आहे असे धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्क्यांहून अधिक जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे या सभागृहात चार गरोदर भगिनी बसल्या असतील, तर त्यांतल्या दोघींना तो असण्याची शक्यता आहे. थकवा येतो, धाप लागते, आणि आपण म्हणतो ड्युटी जड झाली! ड्युटी जड असेलच, पण रक्त कमी आहे का, तेही पाहा.

या पहिल्या भेटीनंतर बाळंतपणापर्यंत किमान आणखी तीन तपासण्या व्हायला हव्यात. धनुर्वात-घटसर्पाची लस डॉक्टर सांगतील तेव्हा घ्यावी. अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास बाळाचे अवयव नीट आहेत का, हे पाहणारी सोनोग्राफी करतात. सोनोग्राफीच्या खोलीत मुलगा की मुलगी हे विचारू नका आणि कोणी सांगू लागला तर ऐकू नका. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

तिसरे पाऊल, गोळ्या, आहार आणि सवयी. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज एक. जिला मूल हवे आहे तिने ती दिवस जाण्याच्या आधीपासूनच घेतलेली उत्तम, कारण ती मघाची नळी फार लवकर मिटते. आधीच्या बाळात मणक्याचा दोष होता, किंवा फेफऱ्याची औषधे चालू आहेत, तर मात्रा वेगळी लागते. ती डॉक्टरच ठरवतील. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, किमान १८० दिवस, आणि कॅल्शियमची गोळी दिवसातून दोन वेळा. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये, आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळीच नको. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर अंगी लागते. लोहाच्या गोळीने शौचाला काळपट होते, मळमळते, म्हणून बऱ्याच जणी गोळ्या डब्यात ठेवून देतात. काळपट होण्याने घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या, पण सोडू नका.

आधीपासून थायरॉइड, रक्तदाब, साखर किंवा फेफऱ्याची औषधे चालू असतील, तर ती मनाने बंद करू नयेत आणि मनाने चालूही ठेवू नयेत. चिठ्ठ्या घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवाव्यात. अंगदुखीवर स्टेशनबाहेरच्या दुकानातून गोळी आणून घेण्याची सवय या काळात बंद. एक्स-रे काढायला सांगितला तर आपण गरोदर आहोत हे आधी सांगावे.

आहारासाठी महाग डबे लागत नाहीत. ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, डाळ, मोडाची मटकी, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ, दूध, जमेल तर अंडी-मासे. उलट्यांमुळे जात नसेल तर थोडे थोडे, पण दर दोन तासांनी. आणि आता एक कडू गोष्ट. आपल्या पुष्कळ भगिनी मिसरी लावतात. मिसरी म्हणजे तंबाखूच. ती बाळापर्यंत पोचते, बाळाचे वजन घटते. ‘दात घासते, खात नाही’ ही पळवाट आहे. ती सोडायची, आणि नवऱ्याने घरात विडी-सिगारेट ओढायची नाही.

चौथे पाऊल, धोक्याची लक्षणे पाठ करणे. अंगावरून रक्त जाणे. ओटीपोटात तीव्र कळ, विशेषतः एका बाजूला, आणि त्याबरोबर भोवळ. पाणीसुद्धा पोटात ठरू नये अशा उलट्या. ताप. पुढच्या महिन्यांत डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा सुजणे, अंगावरून पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे. यांपैकी काहीही झाले तर ड्युटी संपायची वाट पाहायची नाही. रिलीव्हर आला नाही ही सबब डॉक्टरला चालते, रक्तस्रावाला चालत नाही. पहिल्या दोन-अडीच महिन्यांत एका बाजूची कळ आणि भोवळ असेल, तर गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. नळी फुटली तर जीव जातो. जवळचे हॉस्पिटल गाठा, १०८ नंबरला फोन करा. साहेबांना नंतर कळवता येते.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. एका जंक्शनजवळच्या गँगमधील आमच्या एका भगिनीने अडीच महिने कोणाला कळू दिले नाही. नवी जागा होती, चुगली होईल अशी भीती होती. रेल्वेमार्गावर काम करताना अंगावरून जाऊ लागले. बरोबर सगळे पुरुष, सांगायचे कोणाला? ड्युटी संपेपर्यंत ती खडीच्या ढिगावर बसून राहिली. जीव वाचला, गर्भ गेला. पुढे तिने रजा मागितली, तर आधीचा वैद्यकीय कागद नाही म्हणून ती बिनपगारी धरली गेली. संघटनेने हॉस्पिटलचे कागद काढून, नियम दाखवून, पाठपुरावा करून ती रजा पगारी करून घेतली. पण जे गेले ते कोणत्या अर्जाने परत येणार होते? एका माणसाला जरी ठाऊक असते, तर ती खडीवर बसून राहिली नसती.

म्हणून पाचवे पाऊल, कामाच्या जागी कागद. आपल्या कामात शरीराला काय सोसावे लागते ते आपणच जाणतो. रेल्वेमार्गावर जड उचल आहे, मे महिन्यातले भुसावळ-नागपूरचे ऊन आहे. आर.एम.एस.मध्ये लागोपाठच्या रात्रपाळ्या आणि टपालाच्या थैल्या आहेत. गेटवर आणि इंजिनात स्वच्छतागृहाची पंचाईत, म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. पाणी न पिणे आणि लघवी तुंबवणे यांतून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि गरोदरपणात तो दुखणे वाढवतो. जड उचल आणि लागोपाठच्या रात्रपाळ्या यांचा गर्भपाताच्या धोक्याशी संबंध अभ्यासांतून दिसला आहे. याचा अर्थ गरोदर बाई काम करू शकत नाही असा मुळीच नाही. बहुतेक जणींना नेहमीची हालचाल, बसून-उभे राहून करायचे काम चालते. कोणते काम चालेल आणि कोणते नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. तुमचे काम नेमके काय आहे हे मात्र डॉक्टरांना नीट सांगा. ‘रेल्वेत आहे’ एवढ्यावर त्यांना वाटते टेबलावर बसता.

मग एक अर्ज करावा. अर्ज साधा असू द्या:

‘माझी प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. वैद्यकीय सल्ल्यानुसार मला जड वजन उचलण्याचे काम व रात्रपाळी यांतून वगळून हलके काम द्यावे, ही विनंती. प्रसूती रजेचा अर्ज मी योग्य वेळी सादर करीन.’

दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी सांगितलेले साहेब बदलले की विसरले जाते. पोच घेतलेला कागद विसरला जात नाही. पोच देण्यास टाळाटाळ झाली तर शाखा सचिवांना सांगा, ते अर्ज आपल्या पत्रासोबत पाठवतील.

सहावे पाऊल, आपला हक्क नेमका जाणणे. केंद्र सरकारच्या नियमित महिला कर्मचाऱ्यांना, मग त्या टपालातील असोत वा रेल्वेतील, हयात मुले दोनपेक्षा कमी असताना १८० दिवसांची पगारी प्रसूती रजा आहे. ती तुमच्या रजेच्या खात्यातून वजा होत नाही. टपाल खात्याला लागू असलेल्या १९७२ च्या रजा नियमांत शिकाऊ महिलेचाही स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा ‘ट्रेनिंगमध्ये आहेस, तुला कसली रजा’ असे कोणी म्हणाले तर नियम ४३ दाखवा. रेल्वेत हीच तरतूद आस्थापना संहितेच्या नियम ५५१ मध्ये आहे. या रजेला जोडून दुसरी देय रजाही घेता येते. गर्भपात झाला, किंवा कायद्यानुसार करून घेतला, तर वैद्यकीय प्रमाणपत्रावर संपूर्ण नोकरीत मिळून ४५ दिवसांची रजा आहे, आणि तिला मुलांच्या संख्येची अट नाही. मूल मृत जन्मले किंवा जन्मताच काही दिवसांत गेले, तर सप्टेंबर २०२२ च्या आदेशाने ६० दिवसांच्या विशेष प्रसूती रजेची तरतूद केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी झाली. मूल वाढवताना बालसंगोपन रजा २००८ पासून आहे, एकूण ७३० दिवस.

ग्रामीण डाक सेविकांना २०१८ च्या आदेशांनंतर भत्त्यासह प्रसूती रजेचा हक्क मिळाला. पुष्कळ शाखा टपालघरांत ही गोष्ट अजून पोचलेली नाही. ती पोचवणे टपालातील प्रत्येक बंधूचे काम आहे.

कंत्राटी भगिनींनो, सफाईत, खानपानात, पार्सलमध्ये राबणाऱ्यांनो, तुमच्यासाठीही कायदा आहे. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. मुख्य हक्क तेच आहेत: आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झाले असेल, तर २६ आठवड्यांची पगारी रजा, त्यांतले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दोन किंवा अधिक मुले हयात असतील तर १२ आठवडे. या रजेच्या काळात कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. ई.एस.आय. कापली जात असेल तर हा लाभ ई.एस.आय.कडून मिळतो. रोजंदारीवरील महिलांनाही मातृत्व लाभ मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील महिलांच्या खटल्यात सांगितले आहे. परंतु ८० दिवस काम केले हे सिद्ध कशाने करणार? म्हणून गेटपास, पगाराची पावती, पी.एफ. नंबर, हजेरीच्या नोंदी आजपासून जपून ठेवा.

बंधूंनो, आता तुमच्याविषयी. पत्नीच्या बाळंतपणासाठी केंद्रीय कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा १९९७ पासून आहे. हीसुद्धा दोनपेक्षा कमी हयात मुले असतील तर. बाळंतपणाच्या आधी १५ दिवसांपर्यंत किंवा नंतर सहा महिन्यांच्या आत ती घ्यायची असते. घेतली नाही तर ती वाया जाते, पुढे साठत नाही. आमचा अनुभव असा, की कित्येक बंधू ती मागायला लाजतात. कशाची लाज? पहिल्या तपासणीला पत्नीबरोबर जा. तुमचा रक्तगट सांगा, तुमच्या घराण्यात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे का, ते सांगा. विदर्भात हा प्रश्न नेहमीचा आहे. घरी पाणी तुम्ही भरा. आणि आईचे बोलणे पत्नीवर सोपवून मोकळे होऊ नका. ‘आमच्या वेळी आम्ही शेतात बाळंत व्हायचो’ असे आई म्हणाली, तर तिला प्रेमाने विचारा, की आई, तुझ्या बरोबरीच्या किती जणी त्यात गेल्या? तिला सगळ्यांची नावे आठवतील.

आणखी एक गोष्ट, जी व्यासपीठावरून सहसा बोलली जात नाही. कधी कधी ही बातमी आनंदाची नसते. त्या भगिनीला दोष देऊ नये. १९७१ च्या कायद्याने, २०२१ च्या दुरुस्तीसह, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने, आणि काही ठरावीक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, कायदेशीर गर्भपात करता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मात्र दुकानातून गोळ्या आणून स्वतः प्रयोग करणे जिवावर बेतू शकते. हाही निर्णय लवकर आणि मान्यताप्राप्त ठिकाणीच व्हावा.

मित्रहो, हे हक्क आपोआप आलेले नाहीत. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतील बायकांसाठी मातृत्व लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मांडले, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. देशभरासाठी कायदा १९६१ साली आला. केंद्रीय कर्मचाऱ्यांची रजा ९० दिवसांवरून १९९७ साली १३५ आणि २००८ साली १८० दिवस झाली. प्रत्येक आकड्यामागे निवेदने आहेत, मोर्चे आहेत, वाटाघाटी आहेत. परंतु रजा मिळते ती बहुधा शेवटच्या महिन्यांसाठी वापरली जाते. पहिल्या तीन महिन्यांसाठी आपण अजून काहीच उभे केलेले नाही. तेच आता करायचे आहे.

यासाठी आम्ही प्रत्येक शाखेपुढे चार कामे ठेवतो. पहिले, प्रत्येक शाखेत एक भगिनी नेमा, जिला पहिल्याच आठवड्यात विश्वासाने सांगता येईल, आणि जी ते दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. गँगमध्ये किंवा पाळीवर एकटीच बाई असेल, तर तिला या भगिनीचा फोन नंबर पाठ असला पाहिजे. दुसरे, हलक्या कामाचा अर्ज आला की आठ दिवसांत त्याचे काय झाले याची विचारणा शाखा सचिवांनी करावी. तिसरे, गेट, गँग आणि आर.एम.एस. येथे स्वच्छतागृह व पिण्याचे पाणी हा मुद्दा प्रत्येक स्थानिक बैठकीत लेखी मांडावा. चौथे, कंत्राटी भगिनी आपल्या सभासद असोत वा नसोत, त्यांच्या ८० दिवसांचा हिशेब ठेवण्यास मदत करावी.

भगिनींनो, तुम्ही एवढे लक्षात ठेवा. तारीख लिहा. बारा आठवड्यांच्या आत डॉक्टर गाठा. फॉलिक ॲसिड सुरू करा. धोक्याची लक्षणे दिसली तर ड्युटी सोडा. एका माणसाला सांगा आणि एका कागदाची पोच घ्या. बाकीचे आपण मिळून बघू.

सभा संपल्यावर आम्ही दाराजवळच्या टेबलाशी थांबणार आहोत. अर्जाचा नमुना तिथे ठेवला आहे. ज्या भगिनींना काही विचारायचे असेल त्यांनी निःसंकोच यावे. बंधूंनीही यावे, आणि घरी नेण्यासाठी एक नमुना घेऊन जावे.